विंडोज ७ चे इन्स्टॉलेशन लॅपटॉपवर अडते तेव्हा

एखाद्या छापखान्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फाँटमध्ये जुळवलेल्या शेकडो फाइली असतात आणि त्या उघडणारे डीटीपी सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढे चालत नाही. एखाद्या वर्कशॉपमधील मशीनला जोडायचा प्रोग्रामही त्याच काळातला असतो. जुना संगणक बंद पडला की अशा ठिकाणी २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप पुढे केला जातो, त्यावर विंडोज ७ घालायचा प्रयत्न होतो आणि तो मध्येच कुठेतरी थांबतो. ‘हा लॅपटॉप विंडोज ७ घेत नाही’ असा निष्कर्ष मग घाईने काढला जातो. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा चुकीचा ठरला आहे. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली, तिचा सर्व्हिस पॅक १ फेब्रुवारी २०११ मध्ये आला आणि त्यानंतर लॅपटॉपमध्ये जे बदलले त्याची माहिती विंडोज ७ च्या इन्स्टॉलेशन डिस्कवर नाही. इन्स्टॉलेशन नेमके कोणत्या पायरीवर थांबले हे पाहिले, तर कोणती माहिती कमी पडते आहे ते बहुतेक वेळा कळते. म्हणून जवळ एक वही ठेवावी, पडद्यावरचा संदेश अक्षरशः उतरवून घ्यावा आणि एका वेळी एकच सेटिंग बदलावे.

सुरुवातीलाच प्रोसेसरचे नाव पाहावे. इंटेलच्या ‘आय५-६२००यू’ या नावात जोडरेषेनंतरचा पहिला आकडा ६ आहे, म्हणजे तो सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे. सहाव्या पिढीपर्यंत विंडोज ७ साठी ग्राफिक्सचे अधिकृत ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) मिळतात. सातव्या पिढीपासून इंटेलने ते दिले नाहीत आणि मायक्रोसॉफ्टनेही त्या प्रोसेसरवर विंडोज ७ ला पाठिंबा दिला नाही, त्यामुळे अपडेट घेताना हार्डवेअरला पाठिंबा नसल्याचा संदेश येतो. असा लॅपटॉप असेल, तर खटपट करण्याऐवजी त्यावर विंडोज १० ठेवून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) विंडोज ७ चालवावी असे मी स्पष्टपणे सुचवीन. यूएसबी डोंगल (परवान्याचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय न उघडणारे सॉफ्टवेअरही तेथे अनेकदा चालते, कारण डोंगल व्हर्च्युअल मशीनकडे सोपवता येतो. सहावी पिढी किंवा तिच्याआधीचा लॅपटॉप असल्यास पुढे जावे.

लॅपटॉपमधील सर्व फाइली आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि त्यातील दोन-चार उघडून पाहाव्यात. परवान्याची किल्लीही तपासावी. ती अनेकदा लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असते आणि तिची शाई पुसट होत जाते, म्हणून तिचा फोटो काढून ठेवावा. होम प्रीमियमची किल्ली प्रोफेशनल आवृत्तीला चालत नाही. ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ म्हणून हातोहात फिरणारी इमेज (विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलमधील नक्कल) मात्र कधीही वापरू नये. तिच्यात कोणी काय बदलले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि बदललेल्या इमेजवर पुढे आलेल्या अडचणीचे कारण शोधणे जवळजवळ अशक्य होते.

पेनड्राइव्हवरून सुरूच होत नसेल तर

लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१०, एस्केप किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जावे. विंडोज ७ ला सिक्युअर बूट (सही पडताळलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालत नाही, त्यामुळे ते बंद करावे लागते. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय राखाडी दिसतो आणि बदलता येत नाही. अशा वेळी आधी बायॉसचा सुपरवायझर पासवर्ड ठेवल्यावर तो खुला होतो. हा पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, कारण विसरलेला बायॉस पासवर्ड काढणे फार त्रासाचे असते.

त्यानंतर ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ नावाचा, म्हणजे जुन्या बायॉस पद्धतीने सुरू होण्याचा, पर्याय चालू करावा. साधी हार्ड डिस्क किंवा साटा एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर मी विंडोज ७ नेहमी लेगसी पद्धतीनेच घालतो. डिस्क २ टेराबाइटपेक्षा मोठी नसेल तर त्यात काही गमावत नाही आणि अडचणी निम्म्याने कमी होतात. यूईएफआय या नव्या पद्धतीने घालायचेच असेल, तर विंडोज ७ ची ६४ बिट आवृत्तीच लागते आणि सीएसएम तरीही चालू ठेवावे लागते, कारण पडद्यावर चित्र काढण्यासाठी ही प्रणाली जुन्या व्हिडिओ बायॉसच्या सेवेवर अवलंबून आहे. ती सेवा मिळाली नाही की ‘स्टार्टिंग विंडोज’ ही अक्षरे दिसतात आणि सगळे तिथेच गोठते. तासभर वाट पाहूनही त्यात फरक पडत नाही.

पेनड्राइव्ह रूफससारख्या साधनाने तयार करावा आणि तयार करतानाच लेगसीसाठी एमबीआर की यूईएफआयसाठी जीपीटी (डिस्कवरील भागांची नोंद ठेवण्याची जुनी आणि नवी पद्धत) हे ठरवावे. यूईएफआयसाठी पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा लागतो आणि त्यावर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मूळ इमेजमध्ये ही अडचण सहसा येत नाही, पण सगळी अपडेट आत घालून फुगवलेल्या इमेजमध्ये येते.

डीव्हीडी ड्रायव्हर मागणारा संदेश

सर्वांत जास्त लोक जिथे हार मानतात ती ही पायरी आहे. पेनड्राइव्हवरून सुरुवात नीट होते, भाषा निवडण्याचा पडदा येतो, ‘इन्स्टॉल नाउ’ दाबले जाते आणि लगेच संदेश येतो की सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. ज्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही त्यावरही हा संदेश येतो, आणि माणूस नसलेल्या ड्राइव्हचा ड्रायव्हर शोधत बसतो. खरा अर्थ एवढाच असतो की इन्स्टॉलरला स्वतःचा पेनड्राइव्ह दिसेनासा झाला आहे. सुरुवातीच्या फाइली बायॉसने वाचून दिलेल्या असतात. त्यानंतर विंडोज स्वतः सूत्रे हाती घेते आणि तिच्याकडे यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बहुधा यूएसबीवर नसल्यामुळे चालू राहतो, म्हणून यूएसबीवर संशय जात नाही. बाहेरून लावलेला माउस मात्र याच क्षणी मेलेला आढळतो आणि तीच पक्की खूण समजावी.

पाचव्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपवर उपाय सोपा आहे. संदेश रद्द करून पहिल्या पडद्यावर परत यावे, पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमधून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये लावावा आणि पुन्हा ‘इन्स्टॉल नाउ’ दाबावे. बायॉसमध्ये ‘एक्सएचसीआय’ (यूएसबी ३.० चा कंट्रोलर) नावाचा पर्याय असेल, तर इन्स्टॉलेशनपुरता तो बंद केल्यानेही काम होते. सहाव्या पिढीत मात्र इंटेलने यूएसबी २.० चा जुना स्वतंत्र कंट्रोलर काढून टाकला. त्यामुळे पोर्ट कोणत्याही रंगाचा असला तरी तो नव्या कंट्रोलरकडेच जातो आणि पोर्ट बदलून उपयोग होत नाही. येथे ड्रायव्हर पेनड्राइव्हवरील इमेजमध्येच घालावा लागतो.

ते काम विंडोज १० असलेल्या दुसऱ्या संगणकावर ‘डिस्म’ या अंगभूत साधनाने होते. पेनड्राइव्हच्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये ‘बूट.विम’ आणि ‘इन्स्टॉल.विम’ या दोन फाइली असतात. पहिलीत दोन इमेज असून इन्स्टॉलर चालतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या इमेजमधून. दुसऱ्या फाइलमध्ये होम, प्रोफेशनल अशा आवृत्त्या क्रमाने असतात. ज्या इमेजमध्ये बदल करायचा ती एका रिकाम्या फोल्डरवर माउंट करावी (म्हणजे तिच्यातील फाइली त्या फोल्डरमध्ये दिसतील अशी उघडावी), ड्रायव्हरचा फोल्डर तिच्यात जोडावा आणि बदल जतन करूनच ती अनमाउंट करावी. त्यासाठी ‘कमिट’ हा पर्याय द्यावा, बदल जतन न करता अनमाउंट केली की सारे श्रम वाया जातात. ड्रायव्हर ‘आयएनएफ’ फाइलींच्या स्वरूपात हवा. तो एक्सई फाइलमध्ये बांधलेला असेल तर आधी सोडवून घ्यावा. दोन्ही फाइलींत ड्रायव्हर घालणे आवश्यक आहे. फक्त ‘बूट.विम’मध्ये घातला, तर इन्स्टॉलेशन पूर्ण होते, पण नंतर सुरू झालेल्या विंडोजमध्ये एकही यूएसबी पोर्ट चालत नाही आणि पुढचे ड्रायव्हर आत न्यायला वाट उरत नाही.

डिस्क दिसत नाही, किंवा दिसूनही घेतली जात नाही

डिस्कची यादीच रिकामी असेल तर दोन शक्यता असतात. बायॉसमध्ये साटाचे सेटिंग ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असेल, तर ते ‘एएचसीआय’ करावे. ज्या डिस्कवर चालती विंडोज ठेवायची आहे तिच्यासाठी मात्र हा बदल सावधपणे करावा, कारण तो केल्यावर जुनी विंडोज ‘०एक्स००००००७बी’ हा कोड दाखवून निळ्या पडद्यावर थांबू शकते. दुसरी शक्यता एनव्हीएमई एसएसडीची, म्हणजे साटाऐवजी नव्या, वेगवान जोडणीवर चालणाऱ्या एसएसडीची आहे. विंडोज ७ ला ती मुळात ओळखता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची ‘केबी२९९०९४१’ आणि ‘केबी३०८७८७३’ ही दोन पॅकेजे वर सांगितलेल्या रीतीनेच दोन्ही विम फाइलींत घालावीत. अशा डिस्कवरून सुरू होण्यासाठी बहुतेक लॅपटॉपना यूईएफआय पद्धतच लागते, म्हणजे तेथे जीपीटी पार्टिशन आणि सीएसएम चालू ही जोडी ठेवावी.

डिस्क दिसते, पण ती जीपीटी पद्धतीची आहे म्हणून इन्स्टॉल करता येत नाही असे सांगितले जाते, तेव्हा दोष डिस्कचा नसतो. पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झालेला असतो. उलट संदेश आला तर तो यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला असतो. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, त्यातील एका नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहिलेले असते. योग्य ओळ निवडून पुन्हा सुरुवात केली की पुष्कळदा प्रश्न मिटतो. डिस्कची पद्धतच बदलायची असेल, तर इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडावी, डिस्कपार्ट चालवावे, ‘लिस्ट डिस्क’ने आकार पाहून डिस्क ओळखावी, ती निवडावी आणि मग ‘क्लीन’ द्यावे. या आज्ञेनंतर डिस्कवर काहीही उरत नाही आणि ती खात्री करण्यासाठी प्रश्नही विचारत नाही. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क आधी काढून ठेवावी.

फाइली उतरताना येणाऱ्या चुका

फाइली सुट्या होत असताना ‘०एक्स८००७०५७०’ हा कोड आला, तर फाइल खराब आहे असा संदेश दिसतो. एका परिचिताच्या छापखान्यातील लॅपटॉपवर मी तीन पेनड्राइव्ह बदलले आणि दोन दिवस घालवले. वहीत नोंदी होत्या म्हणून अखेर लक्षात आले की दर वेळी थांबण्याची टक्केवारी वेगळी होती. पेनड्राइव्हवरची फाइल खराब असती तर इन्स्टॉलेशन एकाच जागी थांबले असते. मेमटेस्ट हे रॅम तपासणारे साधन रात्रभर चालवल्यावर रॅमच्या एका पट्टीत दोष निघाला, ती काढल्यावर इन्स्टॉलेशन पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झाले. तेव्हापासून मी टक्केवारी नेहमी लिहून ठेवतो.

पहिल्या रीस्टार्टनंतर इन्स्टॉलेशन पुन्हा भाषेच्या पडद्यापासून सुरू झाले, तर लॅपटॉप परत पेनड्राइव्हवरूनच चालू झाला आहे. रीस्टार्ट होताच पेनड्राइव्ह काढावा.

विंडोज सुरू झाल्यानंतर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणा दिसतील. आधी चिपसेटचा, मग नेटवर्कचा आणि शेवटी ग्राफिक्सचा ड्रायव्हर घालावा. अनोळखी उपकरणाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ पाहिल्यास ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे कंपनीचा क्रमांक असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. तो क्रमांक आणि पुढचा ‘डीईव्ही’ क्रमांक मिळाला की योग्य ड्रायव्हर शोधणे सोपे जाते, आणि तो लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘कोड ५२’ आला तर ड्रायव्हरची सही पडताळता आलेली नसते. नवे ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीने सही केलेले असतात आणि मूळ विंडोज ७ ला ती सही पुरती समजत नाही. सही तपासणे बंद करण्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून ‘केबी४४९०६२८’ आणि त्यानंतर ‘केबी४४७४४१९’ ही दोन पॅकेजे सर्व्हिस पॅक १ वर घालावीत आणि प्रत्येकीनंतर रीस्टार्ट करावे. विंडोज अपडेट तासन्तास शोधतच राहत असेल, तर ‘केबी३०२०३६९’ आणि त्यामागोमाग ‘केबी३१२५५७४’ हाताने घालावे. या दुसऱ्या पॅकेजमध्ये एप्रिल २०१६ पर्यंतची बहुतेक अपडेट एकत्र आहेत.

विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि पैसे भरून मिळणारी जानेवारी २०२३ मध्ये थांबली. क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. म्हणून या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार किंवा ईमेल करू नये, आणि काम इंटरनेटशिवाय होत असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन झाल्यावर वायफाय बंदच ठेवावे. फाइली नेण्या-आणण्यासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा आणि तो नव्या संगणकावर तपासून मगच येथे लावावा.

सॉफ्टवेअर, फाँट आणि डोंगल बसवून एक जुनी फाइल उघडून छापून पाहिली की कंट्रोल पॅनेलमधील ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मधून बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण सिस्टिम इमेज घ्यावी. ती परत आणताना तोच ड्रायव्हर घातलेला पेनड्राइव्ह लागतो, त्यामुळे तो पुसू नये. लगेच एकदा त्यावरून लॅपटॉप सुरू करावा, ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मध्ये जावे आणि बाहेरच्या डिस्कवरील इमेज यादीत तारखेसह दिसते का ते पाहून रद्द करून बाहेर यावे.