२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे का, हे स्वतः कसं तपासाल?

२चा ३१वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, की ही संख्या मिळते. गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली ती मूळ असल्याचं दाखवलं, संगणकाशिवाय. तुम्हालाही ते जमेल.

वर्गमूळ ४६,३४० आणि थोडं वर. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं तर पावणेपाच हजारांच्या आसपास भागाकार होतात. म्हणून आधी चाळणी लावा. मूळ संख्या भ ही भाजक असेल, तर २च्या ३१व्या घाताला भ ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे भ−१ ला ३१ने भाग जायलाच हवा. भ विषम, म्हणून ६२ने. शिवाय २चा ३२वा घात (जो १६व्या घाताचा वर्ग आहे) भागून बाकी २ उरते, आणि हे तेव्हाच घडतं जेव्हा भ ला ८ने भागून बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की भ ला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च यायला हवी.

यादी करा: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९... यातल्या बहुतेक मूळ नसतात, त्या खोडा. पहिल्या तीन उरतात ३११, १३०३ आणि १४८९. ४६,३४०पर्यंत सगळ्या मिळून साधारण ऐंशी.

आता प्रत्येकीने लांबलचक भागाकार करू नका, घात चढवा. ३११ घेऊ. १०वा घात १०२४, बाकी ९१. तिचा वर्ग ८२८१, म्हणून २०व्याची बाकी १९५. १९५ गुणिले ९१ म्हणजे १७,७४५, ३०व्याची बाकी १८. दुप्पट केली की ३१व्याची ३६. १ आली नाही, ३११ बाद. उरलेल्यांचंही असंच.

संगणक असेल तर लुकास-लेमर चाचणी बरी; ती २च्या घातातून १ वजा केलेल्या अशाच संख्यांसाठी आहे. ४ पासून सुरुवात. दर फेरीत वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. क्रम असा येतो: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, ६६९६७०८३८. २९व्या फेरीला शून्य आलं की संख्या मूळ. फेऱ्या ३१ नव्हेत, त्यातून २ कमी. पुढे चालू ठेवलंत तर शून्यानंतर उणे २ आणि मग कायम २ येत राहतो. उत्तर २ दिसलं तर आधी फेऱ्या मोजा.

इथे घोटाळा होतो तो वर्गात. वर्ग १९ अंकांपर्यंत जातो आणि एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक, त्यामुळे तिथे बाकी गुपचूप चुकते. ३२ बिटांचा पूर्णांकही पुरत नाही, कारण चिन्हासकट त्याची कमाल मर्यादा हीच आपली संख्या आहे. ६४ बिटांचा घ्या.

२ पाया धरून फर्माची चाचणी (संख्येहून १ने कमी इतका २चा घात घेऊन, त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का पाहणं) मात्र इथे लावू नका. घातांक मूळ असलेली अशी कुठलीही संख्या त्यात पास होते, २०४७ (२चा ११वा घात उणे १) सुद्धा, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. लुकास-लेमरचा प्रोग्राम तपासायला हीच संख्या द्या: ९ फेऱ्यांनंतर १७३६ यायला हवेत.