नवा मिनी पीसी, जुना मॉनिटर: कोणती केबल, कोणता कन्व्हर्टर

मिनी पीसीच्या पाठीवर दोन एचडीएमआय, नाहीतर एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. जुन्या मॉनिटरच्या खालच्या कडेला निळं व्हीजीए आणि नशीब असेल तर शेजारी पांढरं डीव्हीआय. ही दोन टोकं जुळवणं अवघड नाही, पण दुकानात जाऊन नुसतं 'व्हीजीए-एचडीएमआय द्या' म्हटलं तर बरेचदा उलट दिशेची वस्तू हाती पडते. प्लग बसतो, चित्र येत नाही.

आधी मॉनिटर जिवंत आहे का ते पाहा. नुसती पॉवर केबल लावा आणि बटण दाबा. 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' अशी चौकट दिसली, तर पुढे जायला हरकत नाही. दोन सेकंद उजेड येऊन पडदा काळा पडत असेल, तर अंधारात बॅटरी तिरकी धरून पाहा. चौकट पुसटशी दिसली, तर पॅनेल चांगलं आहे, मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारा इन्व्हर्टर गेलाय. अशा मॉनिटरला कोणताही कन्व्हर्टर वाचवू शकत नाही.

डीव्हीआय असेल तर तेच वापरा

मॉनिटरला व्हीजीए आणि डीव्हीआय दोन्ही असतील, तर व्हीजीएकडे बघूही नका. एचडीएमआय आणि डीव्हीआय यांच्यात चित्राचा डिजिटल सिग्नल एकाच पद्धतीचा असतो, फक्त खोबण वेगळी. त्यामुळे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी साधी केबल चालते. आत चिप नाही, वेगळी वीज नाही. आवाज मात्र जाणार नाही, तो मिनी पीसीच्या हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागेल. पीसीला दुसरा एचडीएमआय मॉनिटर जोडलेला असेल, तर विंडोज आवाज तिकडे पाठवून गप्प बसतं. साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट हाताने बदला.

ही साधी केबल 'सिंगल लिंक' असते. चित्राचे ठिपके पाठवण्याच्या तिच्या वेगाची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. १२८०×१०२४ ला ६० हर्ट्झवर १०८ मेगाहर्ट्झ लागतात, १९२०×१०८० ला १४८.५, आणि २४ इंची मॉनिटरच्या १९२०×१२०० ला १५४. म्हणजे नेहमीचे सगळे मॉनिटर त्यात बसतात. अडतात ते जुने ३० इंची, २५६०×१६०० वाले. त्यांना 'ड्युअल लिंक', म्हणजे दुप्पट तारांची जोडणी लागते आणि साध्या केबलवर त्यातले काही थेट १२८०×८०० वर घसरतात. त्यांच्यासाठी डिस्प्लेपोर्टवरून ड्युअल लिंक डीव्हीआय करणारा, यूएसबीची वीज घेणारा कन्व्हर्टर मिळतो. तो महाग असतो, तेव्हा मॉनिटर तेवढ्या लायकीचा आहे का याचा हिशेब आधी करा.

डीव्हीआयच्या खोबणीतली आडवी पट्टी नीट पाहा. तिच्या आजूबाजूला चार छोटी भोकं असतील तर तिथे ॲनालॉग सिग्नलचीही सोय आहे. नसतील तर शुद्ध डिजिटल. याचा उपयोग एवढाच की, एचडीएमआय-डीव्हीआय अडॅप्टरला पुढे डीव्हीआय-व्हीजीएचा ठोकळा जोडून व्हीजीए मिळवण्याचा बेत डोक्यातून काढून टाकावा. एचडीएमआयमध्ये ॲनालॉग सिग्नल नसतोच, मग ठोकळ्यातून येणार काय?

फक्त व्हीजीए असेल तर

व्हीजीए हे आयबीएमने १९८७ साली आणलेलं ॲनालॉग प्रकरण. एएमडी, इंटेल, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी डिसेंबर २०१० मध्येच ते आवरतं घेण्याची घोषणा केली होती, त्यामुळे आजच्या डब्यांवर ते क्वचितच दिसतं. डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करायला चिप लागते. म्हणजे 'ॲक्टिव्ह' कन्व्हर्टरच हवा. एचडीएमआय आणि व्हीजीए अशी टोकं असलेली, कुठेही फुगवटा नसलेली केबल दिसली तर आधी विक्रेत्याला विचारा, चिप आत आहे का. नसेल तर ती नुसती तार आहे.

दिशाही सांगून घ्या: पीसीच्या बाजूला एचडीएमआय, मॉनिटरच्या बाजूला व्हीजीए. उलट दिशेचा डबा जुन्या लॅपटॉपला नव्या टीव्हीशी जोडायला असतो. त्याला बहुतेक वेळा यूएसबीची वायर आणि आवाजाची पिन लटकलेली असते. योग्य कन्व्हर्टरला एचडीएमआयचा नर प्लग असतो आणि व्हीजीएची मादी खोबण, कारण मॉनिटरची जुनी निळी केबल त्यातच लावायची असते.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट, वीज. ही चिप एचडीएमआय पोर्टमधल्या ५ व्होल्टवर चालते. पण त्या पिनवर किमान ५५ मिलिअँपिअर द्यायचं एवढंच पोर्टवर बंधन आहे आणि कन्व्हर्टरला अनेकदा जास्त लागतं. मोठा डेस्कटॉप ते सहज पुरवतो, छोटे डबे हात आखडता घेतात. लक्षणं ओळखीची आहेत. चित्र दर मिनिटाला जातं-येतं, पीसी झोपेतून उठल्यावर पडदा काळाच राहतो, किंवा सुरू होताना काहीच दिसत नाही आणि विंडोज आल्यावर अचानक दिसतं. म्हणून बाजूला मायक्रो यूएसबीचं भोक असलेला कन्व्हर्टर घ्या आणि त्याला मिनी पीसीच्याच यूएसबी पोर्टातून वीज द्या. थोडे पैसे जास्त जातात, पण रोजची कटकट वाचते. त्यावर ३.५ मिलीमीटरचं आवाजाचं भोक असेल तर स्पीकरचीही सोय होते.

मग केबल. मॉनिटर आपली माहिती, म्हणजे कोणतं रिझोल्युशन चालतं वगैरे, व्हीजीएच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून पीसीला कळवतो. स्वस्त केबलमध्ये या तारा जोडलेल्याच नसतात किंवा पिन वाकून आत गेलेली असते. मग विंडोजला मॉनिटर 'जेनेरिक नॉन-पीएनपी', म्हणजे अनोळखी वाटतो आणि ते १०२४×७६८ च्या वर जायला तयार होत नाही. ड्रायव्हर बदलत बसण्याआधी केबल बदलून पाहा. प्लगमध्ये ९ क्रमांकाची एक पिन मुळातच नसली तर घाबरू नका, तशा केबल सर्रास चालतात. केबल दीड-दोन मीटरची आणि दोन्ही टोकांना फेराइटचा जाडसर मणी असलेली बघा. लांब, बारीक केबलवर अक्षरांच्या उजवीकडे सावली पडते. आणि दोन्ही बाजूचे स्क्रू आवळा. अर्धवट बसलेल्या प्लगमुळे पडदा गुलाबी किंवा हिरवा दिसतो, कारण तीन रंगांपैकी एकाची पिन टेकत नाही.

चित्र आलं की रिझोल्युशन मॉनिटरच्या मूळ आकड्यावर आणा. १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटरचं १२८०×१०२४, १९ इंची रुंदचं बहुधा १४४०×९००, १८.५ इंचीचं १३६६×७६८, २२ इंचीचं १६८०×१०५० आणि २१.५ इंचीचं १९२०×१०८०. मॉनिटर ७५ हर्ट्झ चालतं म्हणाला तरी ६० वरच ठेवा, अक्षरं स्थिर दिसतात. 'आउट ऑफ रेंज' आलं तर काहीही दाबू नका. नवं सेटिंग ठेवायला होकार दिला नाही, तर विंडोज १५ सेकंदांनी आधीच्या सेटिंगवर परत येतं.

यानंतर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण. ते दाबताना पडद्यावर काळा वॉलपेपर असेल तर मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि सगळं एका बाजूला सरकतं. नोटपॅड पूर्ण पडदाभर उघडा, बारीक मजकुराने भरा आणि मग दाबा. तरी उभे पट्टे थरथरत असतील तर मॉनिटरच्या मेन्यूत 'क्लॉक' एकेक घर हलवून पट्टे घालवा, मग 'फेज' फिरवून अक्षरं टोकदार करा. क्रम उलटा केला तर फेज कितीही फिरवा, काही उपयोग होत नाही.

डिस्प्लेपोर्टची एकेरी वाट

डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत दिशा आणखी महत्त्वाची. पीसीवर डिस्प्लेपोर्ट आणि त्याशेजारी 'डीपी'च्या खुणेसोबत दोन अधिकची चिन्हं असतील, तर साध्या अडॅप्टरने त्यातून एचडीएमआय किंवा डीव्हीआय निघतं. पण ही केबल उलटी चालत नाही. उदाहरणार्थ, डेलचा यू२४१२एम हा मॉनिटर. त्याला व्हीजीए, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट आहे, एचडीएमआय नाही. दोन एचडीएमआयचा मिनी पीसी घेणारा माणूस साहजिकच 'डीपी-एचडीएमआय' केबल आणतो, आणि मॉनिटर ढिम्म हलत नाही. त्याला हवी होती एचडीएमआय-डीव्हीआयची साधी केबल. आणखी एक, डिस्प्लेपोर्टचा प्लग काढताना वरचा खटका दाबूनच काढा. ओढून काढला तर मिनी पीसीचा पोर्ट बोर्डापासून सुटू शकतो, आणि ती दुरुस्ती केबलच्या किमतीत होत नाही.

यूएसबी-सी दिसलं की त्यातून चित्र येईलच असं नाही. भोकाशेजारी 'डीपी'ची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण पाहा. पुढच्या बाजूचा पोर्ट बरेचदा फक्त फाइल आणि चार्जिंगपुरता असतो. २०२४ च्या एम४ मॅक मिनीतही पुढचे दोन यूएसबी-सी पोर्ट मॉनिटर चालवत नाहीत, मागचे तीन थंडरबोल्ट आणि एचडीएमआय चालवतात. यूएसबी-सीवरून व्हीजीए हवं असेल तर थेट तोच अडॅप्टर घ्या. आधी सी-एचडीएमआय आणि त्याला पुढे एचडीएमआय-व्हीजीए, अशी माळ लावली तर बिघाड कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

दोन-तीन मॉनिटर

किती पडदे चालतील हे भोकांवर नाही, प्रोसेसरवर ठरतं. स्वस्त डब्यांतला इंटेल एन१०० तीन चालवतो. भोकं कमी पडली तर डिस्प्लेपोर्टचं एमएसटी हब, म्हणजे एका पोर्टातून अनेक मॉनिटर चालवणारा डबा, विंडोजवर उपयोगी पडतो. मॅकवर त्याच हबमधून दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं, तेव्हा तिथे पैसे घालवू नका. साध्या यूएसबी पोर्टातून (यूएसबी-ए) चित्र काढणारे डिस्प्लेलिंक अडॅप्टर हा शेवटचा उपाय. त्यांना ड्रायव्हर लागतो, बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधीचा पडदा त्यावर दिसत नाही आणि सिनेमा अडखळू शकतो. ईमेल किंवा दुकानाच्या बिलिंगसाठी मात्र पुरेसे आहेत.

विंडोजची खूण असलेलं बटण आणि 'पी' दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट' ठेवलंत तर नवा मॉनिटरही जुन्याच्या रिझोल्युशनवर उतरू शकतो, आणि दोष बिचाऱ्या केबलला लागतो.

पहिल्या पिढीच्या एचडीएमआय मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसत असेल तर पीसी त्याला टीव्ही समजतोय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'क्वांटायझेशन रेंज' (काळ्या-पांढऱ्याची व्याप्ती) फुल करा. कडेची अक्षरं कापली जात असतील तर मॉनिटरच्या मेन्यूत 'जस्ट स्कॅन' किंवा '१:१' शोधा. आणि ओटीटीवर फक्त काळी चौकट येत असेल, तर जुन्या डीव्हीआय मॉनिटरला किंवा व्हीजीए कन्व्हर्टरला एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं कुलूप, ठाऊक नाही. ते केबल बदलून सुटत नाही.

मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीवर बसवायचा असेल तर चार भोकांमधलं अंतर मोजा: ७५ किंवा १०० मिलीमीटर. स्क्रू एम४ चे, साधारण १० मिलीमीटर लांब. जास्त लांब स्क्रू आवळत गेलात तर टोक आतल्या बोर्डाला लागतं. अनेक जुन्या मॉनिटरचा स्टँडच त्या भोकांवर बसवलेला असतो, मग डबा स्टँडच्या मानेला पट्ट्याने बांधण्यावाचून गत्यंतर नाही. दिवेवाल्या जुन्या १९ इंची मॉनिटरची पाठ चांगलीच तापते, तो एकटाच तीस-चाळीस वॅट खातो. डब्याची हवा ओढणारी जाळी मॉनिटरच्या बाजूला येऊ देऊ नका.