गोचीड चावली म्हणून लगेच डॉक्सी? या चुका टाळा

मे-जून आला की न्यू जर्सी, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनियातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पोटरीवर रुतलेला खसखशीएवढा काळा ठिपका, आणि खाली सल्ल्यांची रांग. एक म्हणतो, "डॉक्सी घेऊन टाक." दुसरा म्हणतो, "काही होत नाही." लाइम म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग, आणि डॉक्सी म्हणजे त्यावरचं डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक. या रोगाच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले सरसकट देण्यासारखे नाहीत. लक्षणं नसताना प्रतिबंधक गोळी द्यायची पद्धत खरोखर आहे, पण तिच्या अटी ठरलेल्या आहेत.

घाईत काढताना होणारा घोळ

व्हॅसलीन फासणं, नेलपॉलिश लावणं, काडी पेटवून चटका देणं हे सगळं बंद. यात वेळ जातो आणि गोचीड डिवचली जाते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिचं तोंड पकडा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, पोट दाबू नका. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल, तर सुईनं उकरत बसू नका. तो आपोआप बाहेर पडतो. जागा साबणानं धुवा.

काढलेली गोचीड लगेच फ्लशमध्ये टाकू नका. पारदर्शक टेपखाली चिकटवा किंवा छोट्या पिशवीत ठेवा आणि जवळून फोटो काढा. पुढचा निर्णय तिच्या जातीवर आणि पोट किती फुगलंय यावर ठरतो. मात्र ती लॅबमध्ये पाठवून "तिच्यात जंतू आहेत का" हे बघण्यात अर्थ नाही. तिच्यात जंतू असले म्हणजे ते तुमच्यात उतरलेच असं होत नाही.

३६ आणि ७२ ची गल्लत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ३६ तास म्हणजे गोचीड अंगाला निदान इतका वेळ चिकटून असली, तरच गोळीचा विचार होतो. ७२ तास म्हणजे ती काढल्यापासून गोळी घ्यायची मुदत. शनिवारी ट्रेलवरून येऊन त्याच रात्री आंघोळीत चपटी गोचीड सापडली आणि काढली, तर बहुतेक वेळा गोळीची गरजच नसते. तीच सोमवारी सकाळी टम्म फुगलेली सापडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

बाकीच्या अटीही पाळाव्या लागतात. गोचीड काळ्या पायांची, म्हणजे हरणांवर आढळणाऱ्या जातीची हवी. पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार गोचीड लाइम पसरवत नाही. भाग लाइमचा प्रादुर्भाव जास्त असलेला हवा आणि डॉक्सीसायक्लिन तुम्हाला चालत असलं पाहिजे. गरोदर असाल तर आधी सांगा.

हे सगळं जुळलं, तरच २०० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला जातो. लहान मुलांना तो वजनावर, किलोमागे ४.४ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त २००. न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर भागातला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. डॉक्सी घेतलेल्या २३५ जणांपैकी एकाला लाइमचा चट्टा उठला, नुसती दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली गोळी घेतलेल्या २४७ जणांपैकी आठांना. गोळीचा फायदा उघड आहे, पण गोळी न घेतलेल्यांतही बहुसंख्यांना काही झालं नाही, हेही त्यातच दिसतं.

डब्यातली औषधं

आईबाबा भारतातून येताना औषधांचा भरगच्च डबा आणतात. त्यातली उरलेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप या कामाची नाही. "एका डोसनं काय होणार, दहा दिवस घेतो" असं म्हणून कोर्सही ताणू नका. तो उपचार रोग झाल्यावरचा. डॉक्सी घेताना ग्लासभर पाणी प्या, लगेच आडवे होऊ नका, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नका.

गोळी घेतली, आता निर्धास्त?

नाही. पुढचे ३० दिवस अंग तपासत राहा, काख आणि गुडघ्यामागची बाजूसुद्धा. पहिल्या एक-दोन दिवसांतली छोटी लाली बहुधा चाव्याचीच असते. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो आणि पसरत ५ सेंटिमीटरहून मोठा होतो. पुस्तकातल्या फोटोंत तो गोऱ्या कातडीवर लालभडक दिसतो. आपल्या सावळ्या रंगावर तो जांभळट किंवा नुसता काळपट वाटू शकतो, त्यामुळे "लाल वर्तुळ नाही, म्हणजे लाइम नाही" हे आपल्याला परवडणारं नाही. ताप, अंगदुखी, चट्टा यातलं काहीही दिसलं तर गोचिडीचा उल्लेख करून दाखवा. लक्षणं नसताना रक्ततपासणीचा हट्ट मात्र नको. शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, आधी केलेली तपासणी निगेटिव्ह येऊन उगाच धीर देते.

हाच नियम कोकणात लावू नका

सुट्टीत दोडामार्ग, बांदा किंवा गोव्यातल्या सत्तरीकडे गेलात आणि काजूच्या बागेत गोचीड चिकटली, तर डॉक्सीची आठवण काढू नका. तिथली भीती माकडतापाची आहे. तो विषाणूचा आजार आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. गोचीड काढा आणि पुढचे आठ-दहा दिवस तापावर लक्ष ठेवा. अचानक जोराचा ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं असं झालं तर थेट सरकारी आरोग्य केंद्र गाठा आणि बागेत गेल्याचं, आसपास माकड मेलेलं दिसलं असेल तर तेही, आधी सांगा. ताप उतरवायला अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. या आजारात रक्तस्राव होऊ शकतो.