या चुका टाळा : तिन्ही प्लॅटफॉर्मवर बिल्ड पास, पण तपासलं काय?

सी किंवा सी++ मधली लायब्ररी लिनक्स, विंडोज आणि मॅकवर आपोआप बिल्ड होऊन तपासली जावी, म्हणून गिटहब अ‍ॅक्शन्स या आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सेवेसाठी (असल्या सोयीला सीआय म्हणतात) सूचनांची यॅमल फाइल लिहायची. लिहायची म्हणजे बहुतेकदा कुठून तरी उचलायची, प्रोजेक्टचं नाव बदलायचं आणि तीन हिरव्या खुणा दिसल्या की रीडमीत बॅज डकवून मोकळं व्हायचं. त्या खुणा एवढंच सांगतात, की शेवटी शून्य, म्हणजे ‘चूक नाही’ हा कोड, परत आलं.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक : टेस्टमध्ये साधा असर्ट (अट खोटी निघाली तर प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) वापरायचा आणि बिल्ड रिलीज मोडमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या वेगवान रूपात, करायचं. सीमेक हे बिल्डची आखणी करणारं साधन रिलीजला एनडीबग मॅक्रो स्वतःहून लावतं, आणि तो लागला की असर्ट उडून जातो. टेस्ट चालते, काही तपासत नाही, पास होते.

एका टीमने मला मदतीला बोलावलं होतं. त्यांची लायब्ररी बायनरी फाइली लिहायची-वाचायची. लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजवर उघडेना, सीआय मात्र हिरवंगार. हेडरमधली लांबी ‘लाँग’ प्रकारात थेट फाइलीत उतरवली होती. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा. त्यामुळे पुढचं सगळंच सरकलं. बरं, लिनक्सवर बनलेली नमुना फाइल वाचून पाहणारी टेस्ट त्यांच्याकडे होती! फक्त तिच्यातले असर्ट रिलीजमध्ये गायब. कंपाइलर बिचारा ओरडत होता, की हे व्हेरिएबल कुठे वापरलेलंच नाही. कारण वाचलेली लांबी फक्त असर्टमध्येच तपासली जात होती. लॉग स्वच्छ दिसावा म्हणून कुणीतरी ती वॉर्निंगच बंद करून टाकली होती. असल्या स्वच्छतेचा मला मनस्वी राग आहे.

फाइलीत जाणाऱ्या आकड्यांना ठरावीक रुंदीचे प्रकार वापरा आणि बाइटांचा क्रम ठरवून टाका. टेस्टसाठी कॅच२ किंवा गूगलटेस्ट घ्या. त्यांच्या तपासण्या एनडीबगने उडत नाहीत. माझी सवय अशी, की मॅट्रिक्समध्ये (कुठे-कुठे बिल्ड करायचं त्या यादीत) नवा प्लॅटफॉर्म आला की आधी एक टेस्ट मुद्दाम मोडायची. तिथे लाल दिसलं तरच पुढे जायचं. लोक याला वेळेचा अपव्यय म्हणतात. म्हणोत.

दुसरी चूक शेलची, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची. विंडोज रनरवर (बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) काहीच सांगितलं नाही तर पॉवरशेल मिळतं. एका स्टेपमध्ये चार कमांड लिहिल्या आणि दुसरी कमांड, म्हणजे सीमेकसारखा बाहेरचा प्रोग्रॅम, फसली, तरी गाडी पुढे जाते आणि निकाल शेवटच्या कमांडचा लागतो. लिनक्सवरही टेस्टचं आउटपुट पाइप करून ‘टी’ला (आउटपुट दाखवून फाइलीतही लिहिणाऱ्या कमांडला) दिलंत, तर ‘टी’ पास झालं म्हणून स्टेप पास. मी तिन्हीकडे शेल म्हणून बॅश स्पष्ट लिहितो. तसं लिहिलं की पाइपफेलही लागू होतं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी स्टेप फसते.

सीमेकच्या टेस्ट चालवणाऱ्या सीटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही तरी ते शांतपणे शून्य परत देतं. अशा वेळी एरर देण्याचा पर्याय आहे, तो लावा.

फेल-फास्ट (एक जॉब पडला की बाकीचे रद्द करणारी सोय) बंद करा, नाहीतर मॅक पडला की विंडोजचं काय झालं ते कळतच नाही.

हेडरच्या नावातलं लहान-मोठं अक्षर चुकलं तर मॅक आणि विंडोज सहसा चालवून घेतात, लिनक्स घेत नाही.

रनरला ‘लेटेस्ट’ लेबल नको, आवृत्ती लिहा. २०२४ मध्ये मॅकचं लेटेस्ट इंटेलवरून अ‍ॅपल सिलिकॉनवर गेलं, तेव्हा ‘आम्ही तर काहीच बदललं नाही’ म्हणणारे बरेच भेटले.

टेस्ट अधूनमधून पडते म्हणून पुन्हा चालवायचं बटण दाबत बसू नका. थ्रेडमधली डेटाची ओढाताण पकडणारा थ्रेड सॅनिटायझर लावून बघा.

आणि पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस जॉबची मॅट्रिक्स मांडू नका. कुणीही ती वाचत नाही. पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) तीन पुरेत. अल्पाइन लिनक्स, आर्म प्रोसेसर आणि बिग-एंडियनसाठी (बाइटांचा उलटा क्रम तपासायला) क्यूएमयू या एम्युलेटरवर आयबीएम मेनफ्रेमचं एस३९०एक्स हे मी रात्रीच्या वेळापत्रकात टाकतो, कारण क्यूएमयू फार रेंगाळतं.