येऊरच्या जंगलात शांतपणे कसं फिरावं

कळव्याकडून येणारी लोकल खाडीचा पूल ओलांडून ठाण्यात शिरते, तेव्हा आपण चक्क एका बेटावर येतो. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, असं हे साष्टी बेट. येऊरचा डोंगर याच बेटावर आहे आणि त्याचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर उभं असलेलं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू.

आधी दिवस ठरवा. शक्यतो रविवार टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला उत्तम. नवरंग पक्षी बघायचा असेल तर मात्र मे महिन्याची अखेर गाठा, पावसाच्या तोंडावर तो येतो आणि सकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. भर पावसात धबधब्यांकडे झुंबड उडते, ओढेही बघता बघता चढतात. शांतता हवी असेल तर तेव्हा जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आदल्या रात्री सामान काढून ठेवा: पाण्याची स्टीलची बाटली, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, टोपी, दुर्बीण असल्यास दुर्बीण. पूर्ण बाह्यांचा मातकट किंवा हिरवा शर्ट, लांब पँट आणि खाचदार तळाचे बूट घाला. सेंट, अत्तर लावू नका. चारपेक्षा जास्त माणसं जमवू नका. पाचवा आला की गप्पा सुरू होतात!

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून उपवनपर्यंत बस किंवा रिक्षा मिळते. तिथून घाटरस्ता चढतो. वनखात्याच्या नाक्यावर थांबा, कुठे जाणार ते सांगा आणि कोणती पायवाट खुली आहे ते विचारून घ्या. आतल्या वाटेला परवानगी लागत असेल तर ती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खरं काम. जंगलात शिरल्यावर लगेच चालू लागू नका. मोबाइल सायलेंटवर टाकून दहा मिनिटं एका जागी उभे राहा. माणसांची चाहूल लागली की पाखरं गप्प होतात, ती पुन्हा बोलू लागेपर्यंत थांबायचं. आधी तांबटाचं ‘टुक्‌ टुक्‌’ सुरू होतं, मग एखादा हळद्या. मग हळूहळू चाला, वीस-तीस पावलांवर पुन्हा थांबा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात एखादा दगड नीट न्याहाळा. काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतील. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचली, तेच हे ठिपके. वर मान केली तर साग, ऐन आणि उन्हाळ्यात पानं झडल्यावर भुतासारखा पांढराफटक दिसणारा कांडोळ. निळी-काळी मोठी ब्लू मॉर्मन भिरभिरताना दिसली तर जरूर थांबा. 2015 पासून ती आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे.

इथे बिबटे आहेत. म्हणून उजाडल्यावर आत जा आणि ऊन कलायच्या आत बाहेर या. मुलांना मोठ्यांच्या मध्ये चालवा. वानरं एकाएकी खेकसू लागली तर पुढे न जाता मागे फिरा. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका आणि त्याला वाट मोकळी द्या. जखमी प्राणी दिसला तर हात न लावता वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

वाटेत आदिवासी पाडे लागतात. इथले वारली वाघोबाला पूजतात आणि पिढ्यान्‌पिढ्या या रानात राहतात. ते लोकांचं राहतं घर आहे, तेव्हा अंगणात डोकावून फोटो काढू नका. कुणी भेटलं तर ‘काका, ही वाट कुठे जाते?’ असं सरळ विचारा, वाट चुकली असेल तर तेच नीट सांगतील. स्पीकरवर गाणी लावणारे भेटले तर शांतपणे बंद करायला सांगा, ऐकलं नाही तर नाक्यावर कळवा.

परतताना कचरा पिशवीत भरून खाली आणा. घरी पोचल्यावर मोजे उलटे करून झटका, घोट्यामागे आणि गुडघ्यामागे गोचीड चिकटलीय का बघा. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा, सरळ ओढून काढा आणि ती जागा साबणाने धुवा.