अमेरिकेतून कोर्टाच्या कागदाचा फोटो आला तर तो कसा वाचायचा

नागपुरात मनीषनगर, त्रिमूर्तीनगर साइडला कोणाचं ना कोणाचं पोट्टं अमेरिकेत असतंच, आणि तिथून कोर्टाच्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की घरचे सिव्हिल लाइन्समधल्या ओळखीच्या वकिलाकडे धावतात. आता तो वकील कितीही हुशार असला तरी तिथली प्रॅक्टिस त्याची नाही ना भाऊ. वकील तिथलाच लागतो, पण कागद तं आपण वाचू शकतो.

आधी वर कोर्टाचं नाव पाहा. तिथे स्टेट म्हणजे राज्याची कोर्टं वेगळी, फेडरल म्हणजे केंद्राची वेगळी. ट्रॅफिक, घरभाडं, घटस्फोट, मारामारी हे बहुतेक स्टेटमध्येच चालतं. न्यूयॉर्कच्या कागदावर सुप्रीम कोर्ट दिसलं तर बीपी वाढवून घेऊ नका, तिथे खालच्या ट्रायल कोर्टाचंच नाव सुप्रीम कोर्ट आहे, राज्यातलं सगळ्यात वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स.

मग पार्टीची नावं. माणूस किंवा कंपनी विरुद्ध आपलं पोट्टं असेल तर सिव्हिल मॅटर, दावा टाकणारा प्लेंटिफ, समोरचा डिफेंडंट. समन्ससोबत कम्प्लेंट येते, ती पोलिसातली तक्रार नाही, दाव्याचा अर्ज आहे, आणि त्याला लेखी आन्सर द्यावं लागतं. फेडरल कोर्टात साधारण 21 दिवस मिळतात, स्टेटचे नियम आपापले. बघू नंतर म्हणून गप्प बसलं की डिफॉल्ट जजमेंट, म्हणजे आपल्याकडचा एकतर्फी निकालच. घरमालकाने डिपॉझिट दाबलं असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, तिथे सहसा वकिलाशिवाय काम होते.

कागदावर पीपल, स्टेट किंवा युनायटेड स्टेट्स विरुद्ध आपलं नाव असेल तर बहुतेक क्रिमिनल, आणि इथे खरं डोकं लावायचं. मिसडिमीनर म्हणजे छोटा गुन्हा, फेलनी म्हणजे मोठा, साधारण 1 वर्षापेक्षा जास्त शिक्षेचा. अरेनमेंटच्या पेशीला आरोप सांगतात आणि प्ली, म्हणजे आरोपावरचं उत्तर, विचारतात, गिल्टी, नॉट गिल्टी की नो कॉन्टेस्ट. नो कॉन्टेस्ट म्हणजे कबूलही नाही आणि लढतही नाही, ऐकायला मस्त वाटते, पण इमिग्रेशनवाले त्यालाही बहुतेक वेळा दोषी ठरल्यासारखंच धरतात! प्ली बार्गेन म्हणजे सरकारी वकिलाशी सौदा, आपल्या कायद्यात ते 2006 मध्ये आलं तरी फारसं कोणी वापरत नाही, तिथे मात्र बहुतेक केसेस अशाच मिटतात. म्हणून व्हिसावरच्या पोट्ट्याने "फाइन भरून मोकळा होतो" म्हणत सही करायची नाही, आधी वकिलाला विचारायचं की याने डिपोर्टेशनची, म्हणजे देशाबाहेर काढण्याची, भानगड होईल का. अमेरिकेच्या सगळ्यात वरच्या कोर्टातल्या 2010 च्या पडिला केसपासून हे सांगणं वकिलाचं कामच आहे. पैसे नसतील आणि जेलची शक्यता असेल तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारने दिलेला वकील, मागता येतो.

केस डिसमिस झाली तरी कागद नीट वाचा. विथ प्रेज्युडिस असेल तर तीच केस परत टाकता येत नाही, विदाउट असेल तर येते. क्लर्कच्या ऑफिसातून निकालाची सर्टिफाइड कॉपी तेव्हाच काढून ठेवायची, काहून की व्हिसाचा डीएस-160 फॉर्म कधी अटक झाली होती का तेही विचारतो, आणि व्हिसा स्टॅम्पिंगला मुंबईला गेल्यावर तो कागद जवळ पाहिजे.