ट्यूबलाइटखालच्या पालीपासून दाजीपूरपर्यंत

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलात सहल नेली की पोरांना गवाच बघायचा असतो. नाही दिसला की परतीच्या एसटीत नुसते रुसवे. म्हणून आठवीला सह्याद्री शिकवताना मी गव्याऐवजी पालीपासून सुरुवात करतो. आपल्या जिल्ह्याच्या नावाची एक पाल आहे, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. २००९ साली तिची शास्त्रीय नोंद झाली, तीही दाजीपूरच्या नमुन्यांवरून. एन्सिस म्हणजे 'तिथली'. एवढं सांगितलं की पोरं कान टवकारतात.

पण तिचा फोटो लगेच दाखवू नका. आधी घरच्या पालीचा डोळा बघायला लावा.

पहिल्या वर्षी मी इथंच चुकलो. "रात्री डोळा बघून चित्र काढा," एवढंच सांगितलं. सकाळी निम्म्या वह्यांत बाहुली गोल, निम्म्यांत उभी फट. "सर, मांजरागत हाय!" "खोटं बोलतोय, गोलच हाय!" माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. मग एकेकाला विचारलं, पाल कुठं बघितलीस? फटवाले ट्यूबलाइटखाली उभे होते, गोलवाले अंधाऱ्या गोठ्यात. बरोबर दोघंही होते. उजेड वाढला की बाहुली आवळते, अंधारात पसरते.

तेव्हापासून वहीत तीन रकाने सक्तीचे: वेळ, उजेड, बाहुली. एकाच पालीची दोन चित्रं, एक अंधूक उजेडात, एक मोबाईलच्या बॅटरीत. बॅटरी हातभर लांबून आणि दोन-तीन सेकंदच. पाल धरायची नाही, शेपटीला हात लावायचा नाही. (कुणाच्या तरी आजीला आधी समजवावं लागतं, हेही धरून चाला.)

आता कोल्हापुरेन्सिसचा फोटो दाखवा. बाहुली भर दिवसा गोल! ही दिवसा हिंडणारी पाल. का, ते पोरांनाच मांडू द्या, घाई करू नका.

पुढचा तास पायांचा. खिडकीच्या काचेला बाहेरून पाल चिकटली की आतून भिंगाने तळवे बघा. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतात. त्यांवर डोळ्याला न दिसणारे केस असतात. डिंक नाही, हवा ओढणं नाही, केस आणि काच यांच्या रेणूंमधलं आकर्षणच तिला धरून ठेवतं. कोल्हापुरेन्सिसची बोटं मात्र काटकुळी, ती जमिनीवर वावरणारी.

एवढं झालं की दाजीपूरला जा. अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी काढा. दगड उलटायचे नाहीत, पाचोळा उकरायचा नाही. वाटेच्या कडेला दहा मिनिटं गप्प बसायचं आणि तेच तीन रकाने भरायचे. मागच्या खेपेला पाल एकालाच दिसली. बाकीच्यांनी त्याला एसटीत सोडला नाही, "बाहुली बघितलीस का?"